अधिक-उणे वीस मीटर

पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून चिक्कार चुका झाल्या. एकदा तर तिसऱ्या खांबाचं मोजमाप चौथ्याच्या रकान्यात भरून मी आख्खी दरी अडीचशे मीटर पूर्वेला ढकलली होती. साहेबांनी चार शिव्या घातल्या, दरी परत जागेवर आणली, विषय संपला. त्या चुकांनी कुणाचं काही वाकडं झालं नाही. मला अजून छळते ती एक बिनचूक नोंद. तिच्यात आजही कुणी खोट काढून दाखवावी, मी त्याचे पाय धरीन.

मी हर्षदा अहिरराव. मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. भूमापनात हयात गेली, त्यातली शेवटची वर्षं हिमालयात, सरहद्दीवर. तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते. या गोष्टीत त्या तोंडाचाच वाटा मोठा आहे.

शाळेत भूगोलात शिकलेलं आठवतंय का? जलविभाजक. डोंगरावर पडलेला थेंब इकडे उतरणार की तिकडे, हे ठरवणारी रेषा. दोन देशांच्या मध्ये डोंगररांग असली की सरहद्द बहुधा या रेषेवरूनच आखतात. पाणी आपल्याकडे आलं की जमीन आपली, तिकडे गेलं की त्यांची. कागदावर किती सोपं! पण आमच्या वेळेपर्यंत हिमालयातल्या कित्येक खिंडींवर बर्फाच्या जाड गोधड्या होत्या आणि माथा म्हणजे बर्फाचा माथा होता. बर्फ वितळत गेलं तसा माथा सरकायला लागला, त्याच्याबरोबर रेषाही. सरकत्या रेषेवर दोन्हीकडचे जवान उभे. पाच-दहा मीटरसाठी दोन्हीकडच्या आयांची पोरं गेली. शेवटी दोन्ही सरकारांना शहाणपण सुचलं आणि चळत्या सीमेचा करार झाला. दर पाच वर्षांनी दोघांनी मिळून मोजायचं, पाणी जिथे दुभंगेल तिथे रेषा आपोआप सरकवायची, आणि त्यावर कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही. तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले होते. मीही वाटले.

हा करार शक्य झाला तो एका यंत्रामुळे. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला तराजू म्हणायचो. स्वयंपाकघरातल्या डब्याएवढी पेटी. आत निर्वात नळी, आणि नळीत लेसरने गारठवलेल्या अणूंचा एक पुंजका. तो पुंजका सोडायचा आणि तो किती वेगाने खाली पडतो ते मोजायचं, एवढंच. खाली जड खडक असेल तर अणू केसभर लवकर पडतात, बर्फ असेल तर केसभर सावकाश, कारण बर्फ खडकाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच भरतं. ड्रोनला पेटी बांधून खिंडीवर उभ्याआडव्या घिरट्या घातल्या की गोधडी ओढून घेतल्यासारखा खालचा खडक नकाशावर उघडा पडतो.

त्याहून मोठी गोष्ट दुसरीच. पाणी उंची बघत नाही, ओढ बघतं. मोठ्या डोंगराशेजारी ओळंबा सोडला तर तो सरळ लोंबत नाही, डोंगराकडे किंचित झुकतो. पाणीही तसंच झुकतं. म्हणून उपग्रहाने दोन जागा एका उंचीवर दाखवल्या, तरी पाण्याच्या दृष्टीने त्यातली एक वर आणि एक खाली असू शकते. हे झुकणं पूर्वी आम्हाला अंदाजानेच धरावं लागे. जुन्या नकाशांवर दर चाळीस मीटरला एक रेघ असायची आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: उंचीतील चूक अधिक-उणे वीस मीटर. तराजू आल्यावर ती चूक एका सेंटीमीटरवर आली. मला त्या यंत्राचा अभिमान होता आणि रागही होता. ज्या कामाला आमच्या पिढीने डोळे घालवले, ते काम हा डबा दुपारच्या चहापर्यंत उरकायचा.

हरकू हे बत्तीस घरांचं गाव. ही माणसं हिवाळा खाली काढतात आणि उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर येतात. गावाच्या डोक्यावर हरकू धुरा. धुरा म्हणजे त्यांच्या बोलीत खिंड. तिच्यात तीन किलोमीटर लांबीचं सपाट हिरवंगार कुरण आहे. मेंढ्या तिथे चरायच्या, आणि तिथून उतरणाऱ्या ओहोळावर गावाची बटाट्याची आणि कुट्टूची शेतं पिकायची. कुरण गेलं आणि पाणी गेलं, तर मग गावाला वर यायचं कारणच उरत नाही.

पहिल्या मोजणीला आम्ही तिथे पोचलो तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. माझी उतरायची सोय रुक्मा हरकालच्या घरी केलेली. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा गेलेला, मुलगा खाली शहरात नोकरीला, आणि त्याचं लग्न येत्या हिवाळ्यात ठरलेलं. आमचं बोलणं हिंदीतून व्हायचं, पण इतक्या वर्षांनी मला ते मराठीतूनच ऐकू येतं.

"त्या डब्यात काय आहे गं? देव आहे की बॉम्ब?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

"तराजू आहे, दीदी. डोंगर तोलतो."

"मग आधी माझ्या जावेला तोल. वीस वर्षं म्हणते, काही खात नाही."

मी मिठाच्या चहाचा घोट घेतला होता, तो नाकातून बाहेर आला. तिथून आमचं जमलं. तीन आठवडे मी तिच्या चुलीपाशी बसले. मी कुट्टूची भाकरी जाड केली की ती हसायची, म्हणायची, "तुमच्याकडे काय घोडे जेवतात का?" मला सख्खी बहीण नाही. तिसऱ्या दिवसापासून ती मला बैणी म्हणायला लागली, म्हणजे धाकटी बहीण, आणि मला ते फार आवडलं. आवडलं हे मी तिला कधी सांगितलं नाही. माझा स्वभावच मेला तसा.

दरवाजाशी एक चपटा पांढरा दगड उभा करून ठेवलेला होता. मी बसायला ओढला तर रुक्माने हातावर चापट मारली.

"तो माझ्या होणाऱ्या सुनेचा आहे, लग्न ठरवायला आली तेव्हा माहेराहून आणलाय. बसायचा नाही."

"दगड?"

"परवा वर चल, म्हणजे कळेल."

परवा म्हणजे पाट साफ करायचा दिवस होता. मेंढ्या कुरणात सोडण्याआधी गावातल्या सगळ्या बायका कुदळी-फावडी घेऊन वर जातात आणि हिवाळ्यात साचलेला गाळ काढतात. त्या दिवशी पुरुषांनी फिरकायचं नाही. मी गेले. कुरणाच्या दक्षिण टोकाला जमिनीचा एक बुटका उंबरठा आहे, आणि तो कापून पाणी गावाकडे उतरतं. वरवर बघणाऱ्याला तो साधा ओहोळ वाटावा. काठाला शेवाळ, मध्ये वळणं, कडेला पिवळी फुलं. मी त्याच्या कडेने दोनशे पावलं चालले आणि थबकले.

हे कळायला माझे वडील ठाऊक असायला हवेत. आप्पा पाटकरी होते. पांझरेवर आमच्याकडे फडाची पद्धत आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते पाटकऱ्याने ठरवायचं. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्यांच्यामागे पाटाच्या कडेने फिरले आहे. ते म्हणायचे, "पानीले घाई करू देवानं नही." ओढा हावरट असतो, दिसेल तिथून खाली उडी मारतो. पाट शहाणा असतो, उतार हातचा राखून चालतो. आणि हरकूचा तो ओहोळ दोनशे पावलांत एकदाही घाईला आलेला नव्हता.

"दीदी, हा ओढा नाही! हा पाट आहे, हाताने खणलेला!"

रुक्माने कंबरेवर हात ठेवले. तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान फुटला तो मला आजही जसाच्या तसा दिसतो.

"ओळखलंस? आजवर बाहेरच्या एकानेही ओळखलं नव्हतं, बैणी."

मग तिने सांगितलं. पूर्वी उत्तरेला बर्फाची भिंत होती. पाणी तुंबून कुरणाची दलदल व्हायची, मेंढ्या रुतून मरायच्या. एका उन्हाळ्यात पुरुष व्यापाराला गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा मागे राहिलेल्या सात बायकांनी हा उंबरठा फोडून पाणी गावाकडे काढलं. दोनशे वर्षं तरी झाली असतील. तेव्हापासून गावात येणारी प्रत्येक नवरी माहेराहून एक चपटा दगड पाठीवर बांधून आणते आणि पाटाच्या तळाशी बसवते. रुक्माने अस्तन्या वर सारल्या, थंडगार पाण्यात हात घातला आणि गाळ सारला. खाली फरशीच होती. हिरवट दगड, तांबूस दगड, अभ्रकाने चकाकणारे दगड, त्या खिंडीत जन्मात सापडणार नाहीत असे.

"हा माझा. हा सासूचा. हा तिच्या सासूचा."

माझ्या पिशवीत पांझरेतला एक काळा गोटा असायचा. नोकरीला निघाले तेव्हा आप्पांनी दिला होता, वाऱ्यात कागद उडू नयेत म्हणून मी तो वापरायचे. तो मी काढला आणि म्हटलं, "मी इथली सून नाही, पण..."

"बहीण आहेस ना? ठेव."

मी तो तिच्या दगडाला लागून बसवला. बायकांनी गलका केला, कुणीतरी माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. माझ्या आयुष्यातला इतका सुखाचा दिवस मला दुसरा आठवत नाही, खरंच सांगते.

पाच दिवसांनी सह्या होत्या.

करारानुसार प्रत्येक पाण्याच्या वाटेवर यंत्राने आपलं मत द्यायचं, आणि प्रत्यक्ष जागा पाहिलेल्या मोजणीदाराने ते मान्य किंवा अमान्य करायचं. माणसाने खणलेल्या वाटा हिशेबात धरायच्या नाहीत, असं कलम होतं. नाहीतर कुणीही उठून कुदळ मारली असती आणि देश रुंद केला असता. कलम शहाणपणाचं होतं, त्याला मी नाव ठेवत नाही.

कुरणाच्या उत्तर टोकाला आम्ही तिघं उभे होतो. मी, आमच्या तुकडीचे प्रमुख नेगीसाहेब, आणि पलीकडच्या देशाचे निरीक्षक. त्यांचं नाव आम्हाला उच्चारायला जमायचं नाही. कानामागे सदा पेन्सिल, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. मृदू माणूस होता. कानातल्या यंत्रातून त्यांचं बोलणं आम्हाला हिंदीत ऐकू यायचं.

तराजूचा निकाल हातातल्या काचेच्या पाटीवर आला. बर्फ गेल्यामुळे कुरणाला आता दोन दारं होती, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. पाण्याच्या दृष्टीने दक्षिणेचा उंबरठा उत्तरेच्या उंबरठ्याहून चाळीस सेंटीमीटर उंच होता. म्हणजे मुळात पाणी उत्तरेला जायला हवं. पण दक्षिणेचा उंबरठा ओहोळाने मीटरभर कापलेला, त्यामुळे पाणी प्रत्यक्षात हरकूकडे उतरत होतं. ओहोळ नैसर्गिक धरला तर सरहद्द उत्तर टोकाला, कुरण आपलं. आणि यंत्राने लिहिलं होतं: नैसर्गिक ओढा, खात्री त्र्याण्णव टक्के.

नेगीसाहेब घड्याळ बघत होते. "मॅडम, सहमत दाबा आणि चला. वर ढग धरतायत."

माझं बोट तिथेच अडलं.

"साहेब, हा ओढा नाही. पाट आहे."

"मग?"

"मग काय? दोनशे वर्षांपूर्वी बायकांनी हाताने खणलाय तो. त्याची नोंद नको? परिशिष्टात परंपरागत हक्कांचं कलम आहे. हा पाट म्हणजे या गावाचा सातबारा आहे, साहेब!"

आता इथे मला थांबून स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटते. आमच्या फडाच्या मुलखात मी वाढले. तिथे पाट कुणी खणला, दरसाल कोण साफ करतं, यावरच पाण्याचा हक्क ठरतो. "ज्यानी पाट खंदा, त्यानं पानी," हे आप्पांचं वाक्य माझ्या हाडात मुरलेलं. मला मनापासून वाटलं की हा पाट हाताने खणलेला आहे एवढं कागदावर आलं, की मग रेघ कुठेही गेली तरी या बायकांना कुणी हलवूच शकणार नाही. पांझरेचा कायदा मी हिमालयाला लावायला निघाले. पण तेवढंच होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला त्या डब्याला हरवायचंही होतं. त्र्याण्णव टक्के म्हणे! एका पाटकऱ्याच्या पोरीने नुसतं चालून जे ओळखलं, ते तुला कळलं नाही ना, असं मला जगाला दाखवायचं होतं.

"परिशिष्ट-बिरिशिष्ट राहू द्या, मॅडम," नेगीसाहेब हळूच म्हणाले. "ती समिती अजून नेमलेलीसुद्धा नाही."

"नेमतील की!"

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. "मी ती जागा पाहिली आहे. मला ओढा वाटला."

"वाटेलच. तुमचे वडील पाटकरी नव्हते."

"तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के."

मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, शब्द न् शब्द तोच. मला वाटलं, कानातलं यंत्र अडखळलं. मी म्हटलं, "सांगितलं ना एकदा," आणि असहमत दाबलं. कारण लिहिलं: मानवनिर्मित, वयोमान सुमारे दोनशे वर्षे, तळाशी परगावचे दगड. वर छायाचित्रंही जोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

अकरा मिनिटं लागली. दोन्हीकडच्या संगणकांनी पुन्हा हिशेब केला आणि पाटीवरची तांबडी रेघ उत्तर टोकावरून उचलून दक्षिणेच्या उंबरठ्यावर येऊन बसली. आख्खं कुरण रेघेच्या पलीकडे. आम्ही तिघं उभे होतो ती जागा आता परदेशात होती. खाली दोन ओळी उमटल्या. कृत्रिम वाट पुढील उन्हाळ्यात बुजवून पाणी नैसर्गिक दिशेस पूर्ववत करावे. परंपरागत हक्कांचा विचार समिती नेमल्यावर होईल.

"खोडा हे," मी म्हटलं. "मास्तर, मी नोंद मागे घेते."

"बंद झाली आहे. आता उघडायची तर दोन्ही सरकारं लागतील." ते पाटीकडे न बघता बोलत होते. "मी तुम्हाला दोनदा विचारलं."

नेगीसाहेब पेटी उचलून चालायला लागले.

रुक्मा अंगणात लोकर विंचरत होती. मला वाटेतच कुणीतरी गाठून हे काम माझ्याकडून काढून घेईल अशी फार आशा होती, पण कुणी भेटलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. चाळीस सेंटीमीटर, कलम, समिती, मी काय लिहिलं ते. मध्येमध्ये मी 'पण समिती नेमली की' असं म्हणत होते.

तिने विंचरणं थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "यंत्राला कळलं नव्हतं?"

"नाही."

"त्या परक्या माणसाला?"

"त्याने ओढाच म्हटलं होतं."

"म्हणजे तुला एकटीला कळलं." तिने लोकर बाजूला ठेवली. "आणि वर मी तुला हात धरून दाखवलं. सासूचा दगड, तिच्या सासूचा दगड. माझ्याच तोंडाने."

"दीदी, मी तुमच्या भल्यासाठी..."

"खोटं तू नाही बोललीस, बैणी. तो दोष मी तुला देणार नाही. पण ते मी मोजणीवालीला सांगितलं नव्हतं. ते मी बहिणीला सांगितलं होतं."

तिने मला चहा दिला. तोही मी प्यायले. दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो, ती दारात आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाट बुजवला. काम चालू व्हायच्या आधी गावाला दोन दिवस दिले होते, आपलं काही असेल तर काढून न्या म्हणून. मी तिथे नव्हते, दुसऱ्या खिंडींवर बदली मागून घेतली होती. घाबरट म्हणा हवं तर, मी ऐकून घेईन. समितीला मी सत्तेचाळीस अर्ज केले. ती नवव्या वर्षी नेमली गेली. चौथ्या बैठकीत तिने मान्य केलं की हरकूचा कुरणावर परंपरागत हक्क होता. तोवर हरकूत एकच घर उघडं राहिलं होतं, आणि त्यातही सैन्याची रसद ठेवलेली. मेंढ्या विकल्या गेल्या, माणसं खाली शहरात पांगली. आणि हो, त्या नऊ वर्षांत सरहद्दीवर एक गोळी सुटली नाही. तेही सांगायला हवं. करार वाईट नव्हता, यंत्रही वाईट नव्हतं. माझ्या मनात मात्र तो जुना नकाशा येतो, खालच्या बारीक अक्षरांसकट. अधिक-उणे वीस मीटर. तेवढ्या चुकीत बत्तीस घरं, त्यांच्या मेंढ्या आणि बटाटे आरामात राहत होते. कुणाला नक्की ठाऊकच नव्हतं, त्यामुळे भांडण असलं तरी कुणी त्यांना ऊठ म्हणू शकत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी रुक्माला भेटायला गेले. खाली हल्द्वानी शहरात मुलाचं दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. दार तिनेच उघडलं. केस पांढरेशुभ्र, गुडघे गेलेले. तिने मला ओळखलं, आणि "ये" म्हणाली. बैणी नाही म्हणाली.

आत आले तर दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून तो चपटा पांढरा दगड लावलेला होता. सुनेचा. तो पाटापर्यंत पोचलाच नाही. गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी बाकीचे दगड रचून ठेवलेले, हिरवट, तांबूस, अभ्रकाचे. मी तिथे उभी राहिले.

"सगळे आणलेस?"

"सगळ्या बायकांनी आपापले आणले. ज्यांचं मागे कुणी उरलं नव्हतं त्यांचे मी आणले. दोन दिवस पाण्यात उभे होतो. तेव्हाच हे गुडघे गेले."

मी ढिगात शोधत होते. काळा काही दिसेना. ती मागून बघत होती, तिला कळलं.

"तुझा नाही आणला."

मी म्हटलं, "बरोबर केलंस. माझा कशाला आणशील?"

"राग होता म्हणून नाही. राग होता, तो होताच, खोटं कशाला बोलू?" ती भिंतीला धरून हळूहळू खुर्चीवर टेकली. "पण आमचे उचलल्यावर तळ अगदी उघडा पडला. माती घेऊन गाडी येऊन उभी होती. मला वाटलं, इथे खाली काहीच नाही असं कसं व्हावं? आमचे दगड आमच्या घरच्या बायकांचे, ते मागे टाकून कसे यायचे? तुझा तेवढा राहिला. म्हटलं, राहू दे. जिने पाट दाखवून दिला, तिच्या दगडाने तिथे पडून राहावं."

"शिक्षा दिलीस, दीदी."

"शिक्षा म्हण." तिने गॅलरीतून खाली रस्त्याकडे बघितलं. "आमच्यातलं तिथे आता तेवढंच आहे."

मी रडले. साठीची बाई मी, तरी हुंदके देऊन रडले. तिने थांब म्हटलं नाही. मग सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला, मिठाचा. सून म्हणाली, "आई, त्यांना चालेल का?" रुक्मा म्हणाली, "तिला चालतो."

ती गेल्या वर्षी वारली. मुलाने कळवलं.

दर पाच वर्षांनी नवीन मोजणी होते आणि नकाशा सगळ्यांसाठी खुला होतो. मी चष्मा लावून हरकू धुऱ्याचा चौकोन उघडते आणि जमेल तेवढा मोठा करून बघते. दक्षिणेचा उंबरठा आता सलग आहे, कुठेही कापलेला नाही, पाणी सगळं उत्तरेला. उंचीतला फरक चाळीस सेंटीमीटर, चूक अधिक-उणे एक. मुठीएवढा गोटा तराजूला दिसत नाही, हे मला धंद्यातली म्हणून पक्कं ठाऊक आहे. तरी मी शोधते.